आजोबांच्या पिस्तुलाची स्प्रिंग लेथवाल्याकडे नेऊ नका

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात लायसनचं हत्यार आहे आणि ज्यांचं पोरगं लेथवर कामाला आहे, अशा दोघांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन आठवड्यांत तीन जीव घेतले. त्यात दोन लेकरं होती. तेव्हापासून शिरूरच्या बेट भागात चार माणसं जमली की एक वाक्य हमखास येतं : "शेतकऱ्याला बंदुकीचं लायसन द्या." त्यामागचा राग मला समजतो. रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला तुम्ही पुण्यात बसून शहाणपण शिकवू शकत नाही. नवीन लायसन द्यावं की नाही, हा वाद चालू राहील. पण शिरूर-दौंडमध्ये जी लायसनची हत्यारं आधीच घराघरांत आहेत, त्यांची अवस्था काय आहे हे कुणी विचारतंय का? माझ्या माहितीतल्या जुन्या हत्यारांपैकी बरीचशी नीट चालत नाहीत. आणि ती दुरुस्त करायची म्हटली की माणूस सरळ गुन्ह्याच्या वाटेला लागतो, तेही न कळत.

आपल्याकडे ही हत्यारं आली कुठून? जुन्या वतनदार, पाटील, बागायतदार, सावकार घरांत दुनळी बारा बोअर असायची. निवृत्त फौजींनी लायसन काढली. पुढे साखर कारखानदारी आली, जमिनीला भाव आला, मग कमरेला .३२ चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल लावायची हौस आली. (हौसच म्हणतो. लग्नाच्या वरातीत कमरेला पिस्तूल लावून नाचणाऱ्याला जिवाची धास्ती असते, हे मला कुणी पटवून देऊ नये.) आणि शिरूर म्हणजे जुनी घोडनदीची छावणी. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कोरेगाव भीमाकडे निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली होती. दौंडला आज राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, शेजारी नानवीजला त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे. हत्यार हा शब्द आपल्या भागाला नवा नाही.

आता मूळ मुद्दा. या हत्यारांतली काही पिस्तुलं परदेशी आहेत. इंग्लंडच्या वेब्ली अँड स्कॉटची, बेल्जियमची, जर्मनीची. आजोबांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे घेतलेली. ती मॉडेल बंद होऊन कित्येक दशकं झाली. वेब्ली अँड स्कॉटने तर १९७९ मध्ये इंग्लंडमधलं बंदुका-पिस्तुलांचं उत्पादनच थांबवलं. (अलीकडे त्याच नावाने उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात रिव्हॉल्वर बनू लागली आहेत. पण ते वेगळं हत्यार आहे, त्याचा पार्ट आजोबांच्या पिस्तुलाला बसणार नाही.) आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य माणसाला परदेशी पिस्तूल आयात करायला बंदी आहे. म्हणजे जी आधी आली तीच फिरतायत. त्यामुळे झालंय असं, की साठ-सत्तर वर्षं जुन्या परदेशी पिस्तुलाला इथे काही लाखांचा भाव येतो, आणि त्याची चार आण्याची स्प्रिंग मात्र कुठेच मिळत नाही.

पिस्तूल बंद पडतं ते नळी फुटून क्वचित. बंद पडतं ते बारक्या पार्टमुळे. काडतुसाच्या बुडावर टोचा मारणारी फायरिंग पिन झिजते किंवा टोकाला तुटते. मोकळं काडतूस मागे ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे नखाएवढा आकडा, त्याचं टोक उडतं. मॅगझिनची स्प्रिंग बसते, किंवा मॅगझिनच्या तोंडाचा पत्रा वाकतो आणि काडतूस तिरकं वर येतं. घोडा अडवून धरणारी खाच गुळगुळीत होते. वेब्लीच्या काही जुन्या पिस्तुलांत मुठीच्या फळीखाली चिमट्यासारखी वाकवलेली पट्टीची स्प्रिंग असते. ती एकदा तुटली की पिस्तूल म्हणजे पेपरवेट.

बरं, तसंच दुसरं मोडकं पिस्तूल मिळालं आणि त्यातला पार्ट काढला, तरी तो बसेलच असं नाही. त्या काळात हे पार्ट कारागीर कानस मारून एकेका हत्याराला जुळवून बसवायचे. एकाचं दुसऱ्याला जसंच्या तसं लागत नाही. आज मोटरसायकलचा पार्ट नंबर सांगितला की काउंटरवरून पुडी मिळते, तसा हा प्रकार नाही.

मग माणूस काय करतो? आपण सगळेच करतो ते. ओळखीतला लेथवाला गाठतो.

सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिकरापूर, रांजणगाव हा सगळा पट्टा वर्कशॉपचा आहे. दौंड तर रेल्वेचं जंक्शन, तिथे फिटर-टर्नर पिढ्यानपिढ्या. मायक्रॉनमध्ये काम करणारी आपली आयटीआयची पोरं इथे आहेत. त्यांच्यासमोर एखादा ओळखीचा तात्या रुमालात गुंडाळलेला तुटका लोखंडी तुकडा ठेवतो आणि म्हणतो, "एवढं असं एक बनवून दे रे बाळा, काय होतील ते पैसे घे." पोरगं विचारत नाही कशाचं आहे. विचारलं तर तात्या हसून सांगतो, "लायसनचं आहे, घाबरू नको."

घाबरायलाच पाहिजे. कारण १९५९ चा शस्त्र कायदा हत्याराच्या व्याख्येत हत्याराचे सुटे भागही धरतो आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही धरतो. नीट वाचा. पिस्तुलाची पिन हेही कायद्याने हत्यार, आणि ती बनवणाऱ्या मशीनवरसुद्धा पोलीस बोट ठेवू शकतात. याच कायद्याचं कलम ५ सांगतं की हत्यार बनवणं, विकणं, त्याची दुरुस्ती करणं, ते तपासून देणं, याला वेगळा परवाना लागतो. तात्याकडे असलेला परवाना हत्यार बाळगायचा आहे. दुरुस्ती करून द्यायचा परवाना त्या पोराकडे नाही, त्याच्या मालकाकडे नाही, आणि तात्याच्या लायसनमुळे तो त्यांना मिळतही नाही. कलम २५ मध्ये विनापरवाना बनवण्याच्या शेजारीच विनापरवाना दुरुस्ती बसवलेली आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. सात वर्षं, मंडळी. दोनशे रुपयांच्या कामाला.

तात्याला जामीन मिळेल, त्याची ओळख आहे, वकील आहे. त्या टर्नर पोराचं काय? महिना पंधरा-वीस हजारांवर घर चालवणारं पोरगं. एकदा शस्त्र कायद्याखाली नाव लागलं की चारित्र्य पडताळणीचा दाखला अडकतो आणि कंपनीचं गेट कायमचं बंद.

आणि हवा कशी आहे तीही लक्षात घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहर पोलीस थेट मध्य प्रदेशातल्या उमरटी गावात गेले आणि गावठी पिस्तुलं बनवणाऱ्या भट्ट्या मोडून आले. पुणे जिल्ह्यात गावठी कट्ट्यांनी किती घरं उद्ध्वस्त केली हे आपण बघतोय, त्यामुळे ती कारवाई योग्यच होती. पण अशा हवेत एखाद्या वर्कशॉपमध्ये पिस्तुलाचा पार्ट सापडला, तर तो आजोबांच्या लायसनच्या पिस्तुलाचा की गावठी कट्ट्याचा, याचा निवाडा कोर्टात होईल. तोपर्यंत पोरगं आत.

कायदा बाजूला ठेवा. घरात करून आणलेला पार्ट बसवलेलं पिस्तूल मालकाच्याच जिवावर उठतं. पिनचं टोक किती गोल, तिची लांबी किती, पोलाद किती कडक, याला हिशेब असतो. लेथवाला बघतो फक्त आकार. घोडा अडवणाऱ्या खाचेत कुणी "थोडं घासून" दिलं, तर पिस्तूल हातातून पडल्यावर, कपाटात ठेवताना, कधीही सुटू शकतं. चाप कुणी ओढायचीही गरज नाही. ज्याला आपण बंद पडलेलं म्हणतो ते पिस्तूल निदान गप्प असतं. अर्धवट दुरुस्त केलेलं पिस्तूल गप्प राहील याचा भरवसा नाही, आणि ते असतं कुठे? उशीखाली, नाहीतर साड्यांच्या कपाटात, जिथे नातवंडांचा हात पोचतो.

आता नवीन पिढीचं. आमच्यातलीच काही पोरं यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिथला माणूस ऐंशी वर्षं जुनं पिस्तूल टेबलावर खोलतो, तुटका पार्ट बाजूला काढतो, ऑनलाइन मागवतो, चार दिवसांत पोस्टाने येतो. तिथे जुनी हत्यारं खोलून त्यांचे सुटे भाग विकणं हा रीतसर धंदा आहे, कारण त्यांचा केंद्रीय कायदा मुख्य सांगाड्यालाच हत्यार मानतो. स्प्रिंग म्हणजे त्यांच्या लेखी स्प्रिंग. आपल्याकडे तसं नाही. इथून परदेशी वेबसाइटवर एक्स्ट्रॅक्टर मागवला तर कायद्याच्या नजरेत तुम्ही विनापरवाना हत्यार आयात केलंत. कस्टमने पाकीट उघडलं की तुमचं नाव, पत्ता, मोबाईल सगळं त्यावर लिहिलेलंच असतं. पोलिसांना शोधायचेही कष्ट नाहीत.

मग सरळ रस्ता कुठला? पुण्यात परवानाधारक शस्त्रविक्रेते आहेत, त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे दुरुस्तीचाही परवाना आहे त्यांच्याकडे जा. हत्यार रिकामं करून, लायसन सोबत घेऊन. हत्यार देताना नंबरासकट पावती घ्या, कारण हत्यार तुमच्या ताब्यात नसेल तेव्हा ते कुठे आहे याचा पुरावा तुमच्याकडेच लागतो. साफसफाई, तेलपाणी हे मालकाचं काम. पण पार्ट बदलायची वेळ आली की घरातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवायचा.

आता तुम्ही म्हणाल, गेलो होतो दादा, दुकानदार म्हणाला पार्ट नाही. बरोबर आहे, आणि माझी तक्रार इथून पुढे सरकारकडे आहे.

देशी हत्यारांचं घ्या. आपली .३२ ची रिव्हॉल्वर कानपूरला होतात, .३२ ची पिस्तुलं बंगालमध्ये ईशापूरला. हे सगळे सरकारी कारखाने. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, त्यात बंदुका-पिस्तुलांचे कारखाने ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे गेले. काडतुसांची खडकीची फॅक्टरी म्युनिशन्स इंडियाकडे गेली. ही खडकीची फॅक्टरी १८६९ ची, आपल्या घरापासून दीड तासावर. म्हणजे काडतूस आपल्या जिल्ह्यात बनतं, आणि ते मारणाऱ्या हत्याराच्या पिनसाठी शिरूरच्या माणसाने कानपूरकडे तोंड करून बसायचं. लाखभर रुपये मोजून सरकारी कंपनीचं हत्यार घेतलं, तर त्याचा सुटा भाग किती वर्षं मिळेल, कुणाकडे मिळेल, किती रुपयांना, हे खरेदीच्या वेळी कागदावर लिहून मिळायला नको का? पाण्याच्या मोटारीला मिळतं. जुनं मॉडेल बंद करून नवं काढलं तर जुन्याचे झिजणारे चार-पाच पार्ट ठरावीक वर्षं बनवत राहणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे.

परदेशी जुन्यांचं वेगळं. इंग्लंडमधून आता काही येणार नाही. पण पार्ट आपल्याकडेच आहेत, मोडकळीला आलेल्या हत्यारांत. दरवर्षी कितीतरी जुनी हत्यारं वारस नाही म्हणून, लायसन संपलं म्हणून, नको म्हणून जमा होतात. ती पोलीस ठाण्याच्या खोलीत गंजतात, पुढे कधीतरी नष्ट केली जातात. माझं म्हणणं असं : नष्ट करण्याआधी, सरकारच्या देखरेखीखाली, यादी करून, त्यातले झिजणारे बारके पार्ट परवानाधारक दुरुस्तीवाल्याला रीतसर विकत द्या. नळी आणि सांगाडा वितळवा, काही हरकत नाही. एका मेलेल्या वेब्लीतून दोन जिवंत वेब्लींच्या स्प्रिंगा निघतील. ज्याला द्याल त्याच्या रजिस्टरला नोंद, ज्याला बसवेल त्याच्या हत्याराच्या नंबरासमोर नोंद. सरकारकडे प्रत्येक परवान्याची संगणकावर नोंद आहे, एकेकाला युनिक नंबर दिलाय. मग हे का जमू नये?

यावर एक आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. बंद पडलेली पिस्तुलं पुन्हा चालू करून द्यायची म्हणजे समाजात चालती हत्यारं वाढवायची, हे कशाला? आपल्या तालुक्यांतली भांडणं बांधावरून सुरू होऊन कुठे जातात ते मी बघितलंय. मलाही गावात कमी पिस्तुलं हवीत. पण आज बंद पडलेलं हत्यार बंद राहत नाही, ते चोरून दुरुस्त होतं. त्यातून दोन वाईट गोष्टी तयार होतात : एक धोकादायक पिस्तूल, आणि पिस्तुलाचे पार्ट बनवता येणारा एक अनोळखी वर्कशॉप. त्या वर्कशॉपच्या दारात उद्या तात्या येणार नाही, दुसराच कुणीतरी येईल. रीतसर दुरुस्तीचा दरवाजा उघडला तर निदान हे काम कुणाच्या नजरेखाली होईल.

आणि दुसरा दरवाजाही उघडा, बाहेर पडायचा. खूप जणांना हे हत्यार खरं तर नको आहे. वडील गेले, पिस्तूल राहिलं. भाऊ मुंबईला, वहिनी म्हणते घरात नको, पण "आजोबांची आठवण" म्हणून कुणी निर्णय घेत नाही. अशांसाठी नियम आहेत, लोकांना माहिती नाहीत इतकंच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. सत्तरी ओलांडलेल्या अण्णांनी हे काम आजच करावं, मागे पोरांना कागदांसाठी कलेक्टर कचेरीत हेलपाटे घालायला लावू नये. वारसाला नको असेल तर ते जमा करा, किंवा कायद्याने ठरवलेल्या रीतीने लायसनवाल्याला विका. खाजगी विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांना पंचेचाळीस दिवस आधी कळवावं लागतं. आणि दोनपेक्षा जास्त हत्यारं २०१९ पासून ठेवता येत नाहीत, हेही तीन-तीन ठेवून बसलेल्यांनी एकदा तपासून घ्यावं.

मधल्या मध्ये एक गोष्ट सांगायचीच राहिली. निवडणूक आली की हत्यारं जमा करून घेतात. त्याला माझा विरोध नाही. पण ती ठेवतात कशी? एका ओळखीच्या शेतकऱ्याची दुनळी दोन महिन्यांनी परत आली तेव्हा नळीत तांबूस गंज होता आणि घोड्याची स्प्रिंग अडकलेली. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही, कारण दोष एका ठाण्याचा नाही. सगळीकडे तीच ओली खोली, तीच गोणपाटं. नुसतं तेल लावून कोरड्या कपाटात उभं ठेवलं असतं तरी भागलं असतं. सरकारनेच जमा करून घेतलेलं हत्यार बिघडवायचं आणि दुरुस्तीला मात्र मालकाने पुण्याला जायचं, पार्ट नाही ऐकून परत यायचं! जमा करताना हत्याराची स्थिती पावतीवर लिहून घ्यायचा आग्रह धरा. "चालू स्थितीत, गंज नाही" एवढे चार शब्द.

यावर उपाय काय करता येईल, तेही सांगतो. दौंडला राखीव दलाकडे आर्मोरर आहेत. पोलिसांची हत्यारं तपासणं, दुरुस्त करणं हे त्यांचं रोजचं काम. वर्षातून एकदा, समजा दिवाळीनंतर, जिल्हाधिकारी आणि ग्रामीण पोलिसांनी मिळून दौंडला एक आणि शिरूरला एक अशी दोन दिवसांची तपासणी ठेवावी. लायसनवाल्याने हत्यार घेऊन यायचं. आर्मोररने बघून तीनपैकी एक शेरा द्यायचा : ठीक आहे, दुरुस्ती हवी, किंवा वापरायला धोकादायक. दुरुस्तीवाल्याला परवानाधारक दुकानाकडे पाठवा, धोकादायकला तिथेच जमा करायचा अर्ज ठेवा. लायसन नूतनीकरणाला आज आपण काय काय कागद जोडतो! त्यात हत्यार सुरक्षित आहे का याचा एक कागद असला तर काय बिघडेल? गाडीला पीयूसी लागते, पिस्तुलाला काहीच नाही.

आणि परत एकदा बिबट्याकडे येतो, कारण कॉमेंटमध्ये तो येणारच. .३२ चं पिस्तूल बिबट्याच्या उपयोगाचं नाही. रात्री, उसात, उडी मारलेल्या जनावरावर ते चालवता येईल असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यात पिस्तूल चालवलेलं नाही. जखमी बिबट्या गावात सोडणं म्हणजे आगीत तेल. जिवावर बेतल्यावर स्वसंरक्षणात जनावर मेलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याला गुन्हा मानत नाही, पण म्हणून शिकारीला निघायची मुभा मिळत नाही. बिबट्यासाठी दिवसा वीज मागा, पिंजरे मागा, वस्तीभोवतीच्या उसात मोकळी पट्टी ठेवा. त्यासाठी रस्त्यावर यायला मी तुमच्याबरोबर आहे. आजोबांच्या पिस्तुलाची स्प्रिंग बदलून ते होणार नाही.

दौंड आणि शिरूरच्या आमदारांना, पंचायत समितीच्या सदस्यांना ही पोस्ट टॅग करतोय. तपासणी शिबिराचं आणि सुट्या भागांचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे तयार आहे. ज्यांच्याकडे लायसन आहे आणि सही करायची तयारी आहे त्यांनी मेसेज करावा. वर्कशॉपवाल्यांनीही सही करावी, त्यांचा यात सगळ्यात जास्त जीव अडकलाय. एवढीच विनंती, की कॉमेंटमध्ये हत्याराचा फोटो, नंबर किंवा "माझ्याकडे अमुक मॉडेल आहे, पार्ट कुणाकडे मिळेल" असं काही टाकू नका. तशा कॉमेंट दिसल्या की काढून टाकीन. चोरांनाही मोबाईल वाचता येतो.